एका गोळीचा कारागीर : जॉन मोझेस ब्राउनिंग



हिवाळा सुरू झाला की आपल्या बेटावर हरणांच्या शिकारीचे दिवस येतात. मग चार माणसे जमली की बंदुकांच्या गोष्टी निघतात. कुणी म्हणतो, पाच काडतुसे एकदम मावणारी रायफल असावी. कुणी म्हणतो, दुनळी बरी. अशा वेळी एखादा वयस्क शिकारी हळूच सांगतो की एका वेळी एकच काडतूस घेणारी, म्हणजे एकबारी रायफल ज्याला चालवता येते, तोच खरा नेमबाज. तरुण मंडळी हसतात. एकच गोळी? ती चुकली तर पुढे काय?

आम्हांला वाटते की या वादाचे उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सापडते. त्याचे नाव जॉन मोझेस ब्राउनिंग. तो अमेरिकेतील एका बंदूक दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा. त्याच्या नावावर अमेरिकेत 128 पेटंटे नोंदली गेली. पिस्तुले, शिकारीच्या बंदुका, मशीनगन असे त्याने पुष्कळ काही घडवले. परंतु ज्या पहिल्या पेटंटाने त्याचा संसार उभा राहिला, ते होते एकाच गोळीच्या साध्या रायफलचे. त्या रायफलची आणि ती घडवणाऱ्याची हकीकत आज आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत.

वडिलांचे दुकान

जॉनचे वडील जोनाथन ब्राउनिंग यांचा जन्म 1805 साली टेनेसी राज्यात झाला. लोहारकाम आणि बंदुकांची दुरुस्ती ते स्वतःच्या हिमतीने शिकले. एकापाठोपाठ अनेक गोळ्या झाडता येतील अशी बंदूकही त्यांनी त्या जुन्या काळात तयार केली होती. पुढे त्यांनी मॉर्मन पंथ स्वीकारला. या पंथाच्या लोकांना पूर्वेकडील राज्यांत फार छळ सोसावा लागला. म्हणून बैलगाड्यांतून मैलोगणती प्रवास करून ते पश्चिमेकडील युटाच्या ओसाड प्रदेशात गेले आणि तेथे त्यांनी नवी वस्ती केली. जोनाथनही 1852 साली ओग्डेन नावाच्या गावी येऊन स्थायिक झाले. आपले पूर्वजही घरदार सोडून बोटीने या बेटावर आले. तेव्हा परक्या मुलुखात हातातली विद्या हीच खरी शिदोरी असते, हे आपल्याला निराळे सांगायला नको.

त्या काळच्या मॉर्मन चालीप्रमाणे जोनाथन यांना तीन बायका होत्या आणि एकंदर बावीस मुले होती. जॉनचा जन्म 23 जानेवारी 1855 रोजी ओग्डेनला झाला. सुताराच्या घरी मूल रंध्याच्या भुशात खेळते, तसा हा मुलगा वडिलांच्या दुकानातील मोडक्या नळ्या, चाप आणि घोडे यांच्या ढिगाऱ्यात वाढला. मुळाक्षरांच्या आधी त्याला बंदुकीच्या भागांची नावे आली.

जॉन दहा वर्षांचा असतानाची एक गोष्ट त्याच्या घरात पुढे नेहमी सांगितली जाई. वडील कामासाठी बाहेर गेलेले पाहून त्याने भंगारातली एक मोडकी नळी काढली, लाकडाचा ओबडधोबड दस्ता करून तिला तारेने बांधले आणि धाकटा भाऊ मॅथ्यू याला बरोबर घेऊन रानात गेला. त्या विचित्र बंदुकीने त्यांनी तितरासारखे काही पक्षी टिपून आणले. दुसऱ्या दिवशी न्याहारीला ते पक्षी वडिलांच्या पानात पडले. मग मुलांनी सगळे खरे सांगितले. वडिलांनी ती बंदूक हातात घेऊन उलटसुलट पाहिली. ते रागावले नाहीत आणि त्यांनी शाबासकीही दिली नाही. अकरावे वर्ष लागत आलेल्या मुलाला याहून चांगली बंदूक करता येऊ नये काय, एवढेच त्यांनी विचारले.

आम्ही शिक्षक मंडळी प्रशिक्षणात मुलांना उत्तेजन कसे द्यावे यावर मोठमोठी पुस्तके वाचतो. या बापाने एका वाक्यात ते काम केले. मुलाने आपली बंदूक निमूटपणे सोडवून पुन्हा भंगारात टाकली. परंतु तो प्रश्न काही त्याने टाकून दिला नाही.

शाळेत तो पंधराव्या वर्षापर्यंत गेला. आपल्याला येते तेवढे सगळे या मुलाला आता येते, तेव्हा त्याने शाळेत येण्याचे कारण नाही, असे त्याच्या गुरुजींनी सांगितल्याची आख्यायिका आहे. पुढे आयुष्यभर त्याने यंत्राचे रीतसर आराखडे काढले नाहीत. मनात आकार तयार झाला की तो पत्र्याचे किंवा कागदाचे नमुने कापी आणि सरळ पोलादाला हात घाली.

ठोकळ्याची रायफल

याच सुमारास ओग्डेनचे नशीब पालटले. 1869 साली अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांना जोडणारा लोहमार्ग पुरा झाला आणि ओग्डेन हे त्यावरचे मोठे जंक्शन बनले. गाडीने नवा माल येऊ लागला आणि त्याबरोबर कारखान्यात बनवलेल्या नव्या बंदुकाही आल्या. वडिलांचे दुकान मागे पडते की काय अशी वेळ आली.

1878 साल असावे. जॉन तेव्हा तेवीस वर्षांचा होता. गिऱ्हाइकाची एक एकबारी रायफल दुरुस्तीसाठी आली होती. तिचे भाग समोर मांडून तो बराच वेळ पाहत बसला. तिची रचना त्याला भारी गुंतागुंतीची वाटली. याहून चांगली रायफल मी करू शकेन, असे तो वडिलांना म्हणाला. म्हातारे जोनाथन म्हणाले की तुला ते येईल हे मला ठाऊक आहे, तू आता कामाला लाग आणि ती मला पाहू दे. दहाव्या वर्षी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मागण्याची वेळ आली होती, असेच म्हणावे लागेल.

जॉनने रायफल तयार केली. तिची रचना थोडक्यात अशी. नळीच्या मागच्या तोंडाशी पोलादाचा एक भक्कम ठोकळा असतो. तो उभ्या खाचांतून खालीवर सरकतो. चापाखालचा खटका खाली ओढला की ठोकळा खाली उतरतो आणि नळीचे तोंड उघडे पडते. त्यात काडतूस सारायचे. खटका वर घेतला की ठोकळा वर येऊन नळीचे तोंड घट्ट बंद करतो. बार उडाल्यावर खटका पुन्हा खाली केला की रिकामे काडतूस बाहेर येते. दाराला आडणा लावावा, तसा काडतुसाच्या मागे हा पोलादी आडणा. त्यामुळे जोरकस काडतुसाचा धक्काही रायफल सहज सोसते. भाग थोडे, म्हणून बिघडण्याची भीतीही थोडी.

पेटंटासाठीचा अर्ज 12 मे 1879 रोजी दाखल झाला. त्याच्या महिनाभर आधी, 10 एप्रिल रोजी, जॉनचे रेचल चाइल्ड हिच्याशी लग्न झाले होते. 21 जून रोजी वडील वारले. 7 ऑक्टोबर 1879 रोजी क्रमांक 2,20,271 चे पेटंट मंजूर होऊन आले. वडिलांनी रायफल हातात घेतली होती, पण मुलाच्या नावाचा तो सरकारी कागद पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

आता मोठ्या कुटुंबाचा भार जॉन यांच्यावर आला. मॅथ्यू आणि इतर भावांना हाताशी धरून त्यांनी ओग्डेनला एक छोटा कारखाना उभारला. यंत्रे कशी लावावीत हे त्यांच्यापैकी कुणालाच नीट माहीत नव्हते. फ्रँक रश्टन नावाचा एक इंग्रज बंदूक कारागीर योगायोगाने तेथे आला आणि त्याने हे काम शिकवले. एक रायफल 25 डॉलरला विकली जाई. 1883 पर्यंत भावांनी अशा सुमारे 600 रायफली बनवल्या.

कोणती रायफल घ्यावी?

त्या काळी अमेरिकेत एकबारी रायफलींची काही वाण नव्हती. शार्प्स, रेमिंग्टन, बॅलार्ड अशी अनेक नावे होती. मग गिऱ्हाईक कोणती घ्यावी हे कसे ठरवी? हा प्रश्न आजही सुटलेला नाही, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट कामाची. रायफल रानात घेऊन हिंडायची आहे की मैदानावर उभे राहून निशाणावर झाडायची आहे? ब्राउनिंग यांची ही रायफल पुढे विंचेस्टर कंपनीने 1885 सालापासून बाजारात आणली, तेव्हा तिने हाच प्रश्न लक्षात घेतला होता. ठोकळ्याभोवतीच्या पोलादी घराच्या भिंती जोरकस काडतुसांसाठी उंच ठेवल्या जात आणि हलक्या काडतुसांसाठी बुटक्या. म्हणून एकीला उंच भिंतीची आणि दुसरीला बुटक्या भिंतीची रायफल असे म्हणत. नळ्यांचे वजन पाच प्रकारचे होते, एक क्रमांकाची सर्वांत हलकी आणि पाच क्रमांकाची सर्वांत जड. काडतुसे लहान .22 पासून दणकट .50 पर्यंत घेता येत. डोंगर चढणाऱ्या शिकाऱ्याने हलकी नळी घ्यावी, कारण संध्याकाळपर्यंत खांद्यावरचे प्रत्येक पौंड दुप्पट होते. निशाणबाजाने जड नळी घ्यावी, कारण जड नळी हातात डगमगत नाही.

दुसरी गोष्ट नेमाची. शिकाऱ्याला साधी उघडी माशी पुरते, कारण जनावर क्षणभरच दिसते. मैदानावरच्या नेमबाजाला बारीक छिद्रातून पाहण्याची माशी आणि अगदी हलका चाप हवा असतो. रानात मात्र फार हलका चाप धोक्याचा, हे विसरता कामा नये.

तिसरी गोष्ट अंगाची. सदऱ्याप्रमाणे दस्ताही ज्याचा त्याला बसावा लागतो. खांद्याला लावताच गाल दस्त्यावर टेकला आणि डोळा आपोआप माशीवर आला, तर ती रायफल आपली. मान वाकवावी लागली तर ती दुसऱ्याची. ठोकळ्याच्या रायफलीत मागे लांबलचक यंत्रणा नसते, त्यामुळे नळी लांब असूनही एकंदर रायफल आटोपशीर राहते.

चौथी गोष्ट वयाची, म्हणजे रायफलीच्या वयाची. पहिल्या एकबारी रायफली धूर करणाऱ्या काळ्या दारूसाठी बनवल्या होत्या. आजची बिनधुराची दारू फार जोर करते. म्हणून जुनी रायफल कितीही देखणी असली तरी जाणत्या कारागिराने तपासल्यावाचून तिच्यात आजचे काडतूस घालू नये. जुन्या धर्तीचीच पण नवी रायफल हवी असेल, तर तीही पुढे मिळू लागली. रूगर कंपनीने 1967 साली ठोकळ्याची नवी एकबारी रायफल काढली, आणि ब्राउनिंग यांच्या नावाच्या कंपनीने 1973 साली व पुन्हा 1985 साली त्यांच्याच मूळ रचनेवरून नव्या रायफली आणल्या. अर्थात कोणत्याही बंदुकीला पोलिसांचा परवाना आधी आणि बंदूक नंतर, हा आपल्या बेटाचा कायदा वाचकांना ठाऊकच आहे.

तरीही पाच गोळ्यांच्या रायफली मिळत असताना एका गोळीची रायफल लोक का घेत? याचे उत्तर निशाणाच्या मैदानावर मिळते. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर क्रीडमूर येथे 1874 साली अमेरिका आणि आयर्लंड यांच्यात नेमबाजीचा गाजलेला सामना झाला. अंतरे होती 800, 900 आणि 1000 यार्ड. दोन्ही बाजूंच्या रायफली एका वेळी एकच गोळी झाडणाऱ्या होत्या. आयरिश लोकांच्या तोंडाने ठासायच्या, तर अमेरिकनांच्या मागून काडतूस भरायच्या शार्प्स आणि रेमिंग्टन. अमेरिकेला 934 गुण मिळाले आणि आयर्लंडला 931. तीन गुणांचा फरक! तेथे गोळ्यांच्या संख्येला किंमत नव्हती, एकेका गोळीला होती.

जर्मनीहून अमेरिकेत गेलेल्या लोकांनीही आपली नेमबाजीची मंडळे बरोबर नेली होती. आपल्या पूर्वजांनी जशा बैठका आणि भजने नेली, तशीच ही गोष्ट. उभे राहून, कशाचाही आधार न घेता, 200 यार्डांवरच्या निशाणावर ते एकबारी रायफलीने नेम धरीत. विंचेस्टरने या हौशी लोकांसाठी ब्राउनिंग यांच्या रायफलीचे खास नमुने काढले. सैन्यातील शिपायांच्या सरावासाठी .22 च्या लहान काडतुसाची रायफलही याच रचनेवर तयार झाली. द्रोणाचार्यांनी विचारल्यावर अर्जुनाला झाड, फांदी काही दिसले नाही, फक्त पक्ष्याचा डोळा दिसला, ही कथा आपण बैठकीत शिकलो आहोत. दुसरी गोळी हाताशी नसली की पहिल्या गोळीवर सगळे चित्त जाते. शिकवण्याचे साधन म्हणून एकबारी रायफलीची थोरवी यातच आहे.

आठ हजार डॉलरचा सौदा

आता पुन्हा ओग्डेनकडे वळू. 1883 साली विंचेस्टर कंपनीच्या एका फिरत्या विक्रेत्याला ब्राउनिंग भावांची एक वापरलेली रायफल मिळाली. ती त्याने कंपनीकडे पाठवून दिली. पूर्वेकडे कनेटिकट राज्यातील न्यू हेवन येथे कंपनीचा प्रचंड कारखाना होता. कंपनीचे उपाध्यक्ष टॉमस बेनेट यांनी रायफल पाहिली आणि ते स्वतः आगगाडीने ओग्डेनला निघाले. एवढ्या मोठ्या कंपनीचा माणूस त्या लहानशा दुकानाच्या दारात उभा राहिला, तेव्हा आत सगळे भाऊच काम करीत होते.

जॉन यांनी दहा हजार डॉलर मागितले. बेनेट यांनी आठ हजार देऊ केले. सौदा झाला. परंतु त्यातील अट लक्षात घेण्यासारखी आहे. रायफलीचे सगळे हक्क विंचेस्टरकडे गेले. वडिलांच्या शब्दावर घडवलेली, भावांनी मिळून उभारलेली रायफल आता त्या भावांनाच बनवता येणार नव्हती. आठ हजार डॉलर म्हणजे त्या कुटुंबाला घबाडच होते. तरी आपल्या मळ्यातला आंबा विकून टाकला की त्याची सावलीही परक्याची होते, असा तो व्यवहार होता.

विंचेस्टरने ही रायफल सुमारे 1920 सालापर्यंत बनवली. सुमारे 1,40,000 रायफली खपल्या. ब्राउनिंग यांनी मात्र विकलेल्या वस्तूबद्दल हळहळत बसण्यात वेळ घालवला नाही. ते पुढच्या रायफलीच्या मागे लागले होते. त्यानंतर एकोणीस वर्षे त्यांनी विंचेस्टरला एकामागून एक नमुने दिले. 1894 सालची त्यांची रायफल तर हरणांच्या शिकारीसाठी अमेरिकेत घरोघर गेली आणि तिची संख्या सत्तर लाखांच्या पुढे पोहोचली. या धामधुमीतही 1887 साली ते काम बाजूला ठेवून आपल्या पंथाच्या प्रचारासाठी जॉर्जिया राज्यात गेले आणि 1889 साली परतले.

1902 साली विंचेस्टरशी त्यांचे संबंध तुटले. आपोआप भरणाऱ्या शिकारी बंदुकीसाठी ब्राउनिंग यांनी एकरकमी किंमत न घेता प्रत्येक बंदुकीमागे हक्काचा वाटा मागितला. बेनेट यांनी नकार दिला. पहिल्या सौद्याचा धडा एकोणीस वर्षांनी कामी आला, असे आम्हांला वाटते. ब्राउनिंग तडक रेमिंग्टन कंपनीकडे गेले. परंतु भेटीच्याच दिवशी तिचे अध्यक्ष हार्टली हृदयविकाराने वारले. मग ते नमुना घेऊन बोटीने बेल्जियमला गेले. तेथील हर्स्टाल गावच्या एफ.एन. कारखान्याशी त्यांचा पिस्तुलाच्या कामापासून परिचय होता. त्या कारखान्याने त्यांची अट मान्य केली.

एका गोळीकडून हजार गोळ्यांकडे

येथवरची हकीकत शिकारीची आणि निशाणाची झाली. पण चरित्र पुरे सांगायचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे.

1889 साली ओग्डेनच्या नेमबाजीच्या मैदानावर ब्राउनिंग उभे होते. कुणीतरी बार काढला. नळीच्या तोंडातून निघालेल्या वाफाऱ्याने पुढचे गवत आडवे झाले, हे त्यांनी पाहिले. हा जोर फुकट जातो, त्याच्याकडून बंदूक पुन्हा भरून घेता येईल, असा विचार त्यांच्या मनात आला. त्या वाकलेल्या गवतातून त्यांची पहिली मशीनगन निघाली. कोल्ट कंपनीने ती 1895 साली आणली. पुढे पिस्तुले आली. 1911 साली अमेरिकन सैन्याने त्यांचे पिस्तूल स्वीकारले. 1914 च्या जानेवारीत एफ.एन. कारखान्याने त्यांच्या रचनेची दहा लाख पिस्तुले पुरी झाल्याचा समारंभ केला आणि बेल्जियमच्या राजाने त्यांना मानाचे पदक दिले.

त्याच वर्षी 28 जून रोजी साराजेव्हो शहरात ऑस्ट्रियाच्या युवराजाचा आणि त्यांच्या पत्नीचा खून झाला. मारेकऱ्याच्या हातातले पिस्तूल ब्राउनिंग यांच्याच रचनेचे होते. त्या खुनाच्या निमित्ताने पहिले महायुद्ध पेटले. त्या युद्धात अमेरिका 1917 साली उतरली तेव्हा ब्राउनिंग यांच्या मशीनगन सैन्याला हव्या होत्या. त्यांनी सरकारकडून हक्काच्या मानाने पुष्कळ कमी, साडेसात लाख डॉलर घेऊन त्या देऊन टाकल्या. 1918 साली त्यांचा मुलगा व्हॅल फ्रान्सच्या रणांगणावर बापाने घडवलेलीच बंदूक घेऊन उभा होता.

या सगळ्याचा दोष कारागिरावर टाकावा काय? यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. आम्हांला एवढेच दिसते की ज्या माणसाने तेविसाव्या वर्षी एका गोळीची रायफल केली, त्यानेच बासष्टाव्या वर्षी मिनिटाला शेकडो गोळ्या ओतणारे यंत्र केले. हात तेच, कौशल्य तेच. पहिल्या यंत्राने माणसाला थांबायला, पाहायला आणि विचार करायला लावले. दुसऱ्याने थांबण्याची गरजच उरू दिली नाही.

तरीही एकबारी रायफल म्हणजे आपोआप सदाचार, असे कुणी समजू नये. अमेरिकेच्या माळरानांवर बायसन नावाच्या गव्यासारख्या जनावरांचे अफाट कळप होते. चामड्याच्या व्यापारासाठी शिकाऱ्यांनी ते 1870 नंतरच्या थोड्याच वर्षांत जवळजवळ संपवले. 1880 चे दशक सरता सरता रानात ती जनावरे काही शेकडाच उरली होती. त्या शिकाऱ्यांच्या हातात बहुधा शार्प्ससारख्या एकबारी रायफलीच असत. रायफल एका गोळीची असली, तरी हाव एका गोळीची नव्हती.

आपल्या बेटावरही हा विचार करण्यासारखा आहे. येथील हरणे मूळची येथली नव्हेत. डच लोकांनी ती 1639 साली जावा बेटावरून आणली. पुढे साखरमळ्यांच्या मालकांनी शिकारीसाठी राने राखली. त्यांना आपण शासे म्हणतो. बंदूक मालकाच्या आणि त्यांच्या पाहुण्यांच्या हाती असे. ते उंच मचाणावर बसत, आणि रान उठवण्याचे काम मजुरांच्या वाट्याला येई. रिव्हिएर न्वारच्या बाजूला राहणाऱ्या आपल्या मराठी घरांत ही आठवण अजून कुठे कुठे सांगतात. रान उठवणाऱ्याला नेम चुकण्याचा अर्थ फार चांगला कळतो, कारण चुकलेली गोळी ज्या बाजूला जाते त्या बाजूला तो उभा असतो. म्हणून आम्ही म्हणतो की बार काढण्यापूर्वी मागे कोण आहे, पुढे काय आहे हे पाहण्याची सवय ज्या रायफलीने लागते, ती पाच गोळ्यांच्या रायफलीहून मोलाची.

शेवटचा दिवस

ब्राउनिंग मोठे श्रीमंत झाले, पण त्यांची राहणी कारागिराचीच राहिली. स्वतः नेमबाज होते. भाऊ मॅथ्यू आणि दोन मित्र मिळून चौघांचा त्यांचा नेमबाजीचा संघ युटात प्रसिद्ध होता. कामाच्या निमित्ताने त्यांनी अनेक वेळा अटलांटिक महासागर ओलांडला.

26 नोव्हेंबर 1926 रोजी ते हर्स्टालच्या कारखान्यात नेहमीप्रमाणे कामावर होते. नव्या दुनळी बंदुकीचे काम चालू होते. छातीत दुखू लागले आणि मुलगा व्हॅल याच्या कचेरीत त्यांनी देह ठेवला. वय एकाहत्तर वर्षांचे होते. अर्धी राहिलेली बंदूक व्हॅलने पुरी केली. ज्या घरात बापाने मुलाला चांगली बंदूक करायला सांगितले होते, त्याच घरात पुढच्या पिढीतही बापाचे काम मुलाने पुरे केले. ओग्डेनच्या जुन्या रेल्वे स्थानकाच्या इमारतीत पुढे त्यांच्या नावाचे संग्रहालय उभे राहिले. ज्या लोहमार्गाने बेनेटसाहेब त्यांची पहिली रायफल विकत घ्यायला आले, त्याच लोहमार्गाचे ते स्थानक.

महाराष्ट्रात खंडेनवमीला शस्त्रांची आणि अवजारांची पूजा होते. तलवारीशेजारी कोयता, हातोडा आणि करवतही मांडतात. त्या पूजेचा अर्थ आम्ही असा समजतो की हत्यार हाती घेण्याआधी माणसाने नमस्कार करावा, म्हणजे क्षणभर थांबावे. आमच्या तरुण वाचकांपैकी कुणी शिकारीसाठी किंवा निशाणाच्या सरावासाठी रायफल घेणार असेल, तर त्याने नळी, काडतूस, माशी, दस्ता सगळे तपासून घ्यावे. मग खांद्याला लावून स्वतःला एकच प्रश्न विचारावा. दुसरी गोळी मिळणार नाही असे ठाऊक असते, तर हा बार मी आता काढला असता काय? उत्तर होय असेल तर नेम धरावा. नसेल तर रायफल खाली घ्यावी. हरीण उद्याही त्या रानात असेल.